३० हजारांत जुना गेमिंग पीसी: आधी काय बदलायचं?

प्रश्न थोडक्यात असा: रायझन ५ २६००, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबीची एकच रॅम स्टिक, जीटीएक्स १०५० टीआय, १ टीबीची हार्ड डिस्क, कॅबिनेटसोबत आलेला '४५० वॉट'चा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) आणि १०८०पी, ७५ हर्ट्‌झचा मॉनिटर. खर्चायला ३० हजार रुपये. सायबरपंक २०७७ खेळायचा आहे आणि मित्रांबरोबर व्हॅलोरंट तर रोजचंच. दुकानदार म्हणतो सगळं विका आणि नवा सेट घ्या. मित्र म्हणतो फक्त ग्राफिक्स कार्ड बदल. कुणाचं ऐकायचं?

पूर्णपणे कुणाचंच नको. मित्राचं उत्तर जास्त जवळचं आहे, पण त्याने एसएमपीएसकडे बघितलेलं नाही. दुकानदाराने मशीनकडेच बघितलेलं नाही.

मी असेम्ब्ली आणि दुरुस्ती दोन्ही करतो. अपग्रेडसाठी येणारा जवळजवळ प्रत्येक जण 'कोणतं कार्ड घेऊ' असंच विचारत येतो. त्याआधी मशीन कशापाशी अडतंय ते शोधायला हवं. तुमच्या बाबतीत ते बरंचसं कागदावरच दिसतंय. सायबरपंकच्या कंपनीने २०२३ मध्ये किमान गरजा वाढवल्या. आता त्यात १२ जीबी रॅम, जीटीएक्स १०६० चं ६ जीबीचं कार्ड आणि एसएसडी लागते. प्रोसेसर मात्र रायझन ५ १६०० सुद्धा चालतो. म्हणजे रॅम, कार्ड, डिस्क तिन्हीत तुम्ही नापास आणि प्रोसेसरमध्ये पास. सगळं विकून नवा सेट घेतला, तर पास झालेल्या वस्तूवर सर्वात जास्त पैसे जातील.

व्हॅलोरंटचं गणित उलटं आहे. तो प्रोसेसर आणि रॅमवर चालतो, कार्डाकडून फारसं मागत नाही. तुमचा मॉनिटर ७५ हर्ट्‌झचा आहे, म्हणजे सेकंदाला ७५ पेक्षा जास्त फ्रेम तो दाखवूच शकत नाही. १०५० टीआयवर व्हॅलोरंट त्याच्या बराच वर जातो. तरीही खेळताना झटके बसत असतील तर संशय आधी त्या एकट्या रॅम स्टिकवर घ्या. पुढे-मागे १४४ किंवा १६५ हर्ट्‌झचा मॉनिटर घ्यायचा विचार असेल तर प्रोसेसरचा मुद्दा वेगळा होईल, पण तो या ३० हजारांतला खर्च नाही.

आता 'नवा सेट' का नको ते सांगतो. नवा सेट म्हणजे एएमडीचा एएम५ किंवा इंटेलचा ताजा सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा), आणि एएम५ वर फक्त डीडीआर५ रॅम बसते. २०२५ च्या शेवटी एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅमचे भाव भडकले, त्यात जुनी डीडीआर४ सुद्धा आली. प्रोसेसर, बोर्ड आणि डीडीआर५ घेऊन झाल्यावर ३० हजारांत कार्डाला काही उरत नाही. मग नव्या चकचकीत बोर्डावर तीच १०५० टीआय लावायची, आणि सायबरपंक होता तिथेच. शिवाय तुमच्या बोर्डाचं आयुष्य अजून संपलेलं नाही. त्याच्या एएम४ सॉकेटवर रायझन ५ ५६०० किंवा रायझन ७ ५७०० एक्स बसतो आणि बी४५० च्या बहुतेक बोर्डांना त्यासाठी बायॉसचा (बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरचा) अपडेट आलेला आहे. असा रस्ता मोकळा असताना बोर्ड विकू नये.

खिशात हात घालण्याआधी एक संध्याकाळ फुकटच्या तपासणीला द्या. एमएसआय आफ्टरबर्नर टाका, त्यासोबत येणारा रिव्हाट्यूनरही टाका आणि खेळताना स्क्रीनच्या कोपऱ्यात कार्डाचा वापर, कार्डाची मेमरी, प्रोसेसर, रॅम आणि तापमान दिसेल असं लावा. कार्डाचा वापर सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड दमलंय. कार्ड ६०-७० टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि फ्रेमवर कुठली मर्यादाही लावलेली नसेल, तर अडथळा प्रोसेसर किंवा रॅमचा. खात्री करायची तर रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी करा. एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) चांगले वाढले तर कार्ड दोषी; ढिम्म हलले नाहीत तर कार्ड बदलून फरक पडणार नाही. सरासरी एफपीएसपेक्षा '१ टक्का लो' (सर्वात मंद एक टक्का फ्रेमचा वेग) हा आकडा बघा. डोळ्यांना खुपणारे झटके तिथे सापडतात.

त्याच बैठकीत आणखी काही गोष्टी बघून घ्या. मॉनिटरची केबल कार्डाच्या पोर्टमध्येच आहे ना, विंडोजमध्ये रिफ्रेश रेट ७५ वर आहे की ६० वरच राहिलाय, बायॉसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारी सेटिंग) चालू आहे का. असूसच्या बोर्डवर त्याला डीओसीपी म्हणतात, एमएसआयवर ए-एक्सएमपी. ३००० मेगाहर्ट्‌झची रॅम वर्षानुवर्षं २१३३ वर चालवणारी मशीन माझ्याकडे अजूनही येतात, आणि रायझनमध्ये रॅमचा वेग आतल्या फॅब्रिकच्या (प्रोसेसरचे भाग जोडणाऱ्या रस्त्याच्या) वेगाशी बांधलेला असल्यामुळे हे नुकसान नुसतं कागदी नसतं. कॅबिनेटमधली धूळ आणि कूलरखालची वाळलेली पेस्टही एकदा बघा. मे महिन्यात विदर्भात ४५ अंशांच्या खोलीत बसलेल्या कार्डाने वेग कमी केला तर तो बिघाड नव्हे, ते स्वतःला वाचवतंय.

आता एसएमपीएस. इथे थोडं थांबतो, कारण जळालेल्या बोर्डांची बरीचशी कहाणी इथूनच सुरू होते. कॅबिनेटसोबत फुकट मिळणाऱ्या डब्यावर '४५०' छापलेलं असतं, त्यावर विश्वास ठेवू नका. बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टचा रकाना शोधा. कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही आपलं जेवण तिथूनच घेतात. समजा तिथे १८ अँपिअर लिहिलंय, तर १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॉट, आणि तेही लेबल खरं बोलत असेल तर. रायझन २६०० पूर्ण ताणावर ८८ वॉटपर्यंत खेचू शकतो आणि मी पुढे सुचवणार आहे ते आरएक्स ६६०० कार्ड १३२ वॉटचं आहे. बेरीज २२०. पंखे, डिस्क अजून धरलेच नाहीत, आणि कार्ड क्षणभरासाठी आपल्या आकड्याच्या वर उडी मारतं ते वेगळंच. काही डब्यांवर १२ व्होल्टचे दोन रकाने असतात. त्यांची थेट बेरीज करू नका, एकत्रित वॉट किती ते स्वतंत्र लिहिलेलं असतं, ते धरा.

आजवर हा डबा चालला कारण १०५० टीआय ७५ वॉटचं कार्ड आहे आणि त्यातली बरीचशी मॉडेल्स सगळी वीज बोर्डाच्या स्लॉटमधूनच घेतात. नव्या कार्डाला ८ पिनची वेगळी केबल लागेल. ती तुमच्या एसएमपीएसला नसेल तर दुकानदार मोलेक्सवरून (जुन्या चार पिनच्या जोडणीवरून) ८ पिनचा अडॅप्टर काढून देईल. घेऊ नका. केबलच नसलेल्या एसएमपीएसला ते कार्ड झेपेल असं त्याच्या बनवणाऱ्यालाही वाटलेलं नाही. नामांकित कंपनीचा, पाच वर्षं वॉरंटीचा, ५५० वॉटचा घ्या. '८० प्लस ब्राँझ' हा शिक्का वीज किती वाया जाते तेवढंच सांगतो, आतल्या मालाचा दर्जा सांगत नाही. म्हणून शिक्क्यापेक्षा वॉरंटीची वर्षं आणि त्या नेमक्या मॉडेलची परीक्षणं बघा. आज ४५० चा चांगला एसएमपीएसही पुरेल, पण हा भाग पुढच्या दोन कार्डांबरोबर राहणार आहे.

वीज जाणाऱ्या गावात असाल तर यूपीएसचंही बघा. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो. नव्या कार्डासह तुमचं मशीन आणि मॉनिटर मिळून गेम चालू असताना ३०० च्या आसपास जाऊ शकतं. तो टिकेल, पण बॅटरी दोन-तीन वर्षांची झाली असेल तर वीज जाताच मशीन बंद पडेल आणि तुम्ही नव्या कार्डाला दोष द्याल. लगेच बदलायची गरज नाही, फक्त हे लक्षात असू द्या.

रॅमबद्दल: तुमच्या स्टिकसारखीच दुसरी ८ जीबी घ्या. १६ जीबी तर होतीलच, शिवाय ड्युअल चॅनल सुरू होईल. एकाच स्टिकवर प्रोसेसरला मेमरीचा अर्धाच रस्ता मिळतो आणि व्हॅलोरंटमधले झटके बऱ्याचदा तिथूनच येतात. आधी सीपीयू-झेड उघडून आताच्या स्टिकची कंपनी, वेग आणि टायमिंग लिहून घ्या. तंतोतंत जोडी मिळाली नाही तरी बहुधा चालतं, दोन्ही स्टिक कमी वेगाच्या स्टिकच्या वेगाने धावतात. बोर्डाला चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. आजच्या भावात इथे सेकंडहँड घ्यायला माझी हरकत नाही, रॅम सहसा दगा देत नाही. मात्र 'सर्व्हरची रॅम' म्हणून स्वस्तात मिळते ती रजिस्टर्ड प्रकारची असते. ती तुमच्या बोर्डावर चालणार नाही, विकणारा काहीही म्हणो.

मुख्य खर्च कार्डाचा. माझी पहिली पसंती आरएक्स ६६००. ८ जीबी मेमरी, वीज कमी, आणि तुमच्या २६०० ला फार मागे टाकणारं नाही. बी४५० वर पीसीआयई (कार्ड आणि बोर्डामधला रस्ता) जुन्या ३.० पिढीचा आहे आणि हे कार्ड त्यातल्या आठच लेन वापरतं, त्यामुळे किंचित नुकसान होतं, पण खेळताना जाणवणारं नव्हे. रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्यांचं जड गणित) बंद ठेवून १०८०पीवर सायबरपंक ६० च्या आसपास खेळता येईल. बाजारपेठेच्या गर्दीत प्रोसेसरमुळे खाली येईल. तिथे गेमच्या सेटिंगमधली क्राउड डेन्सिटी कमी करा, लगेच फरक दिसतो. सेकंडहँड चालत असेल तर आरटीएक्स ३०६० चाही विचार करा, फक्त १२ जीबीचं. त्याच नावाचं ८ जीबीचं कार्डही आहे, त्याची मेमरी बस अरुंद आहे आणि वेग स्पष्टपणे कमी. ३०६० ला १७० वॉट लागतात, ५५० च्या चांगल्या एसएमपीएसवर निवांत चालतं.

काही कार्डांपासून मुद्दाम लांब ठेवतो. आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त वाटतं, पण त्यात ४ जीबी मेमरी आणि चारच लेन. पीसीआयई ३.० वर ते अक्षरशः गुदमरतं, आणि व्हिडिओ रेकॉर्डिंगचा हार्डवेअर एन्कोडरही त्यात नाही. इंटेल आर्क बी५८० कागदावर मस्त, १२ जीबी वगैरे, पण त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो आणि तुमचा २६०० इंटेलच्या यादीत बसत नाही. शिवाय जुन्या प्रोसेसरवर ते बरंच मागे पडतं, हे २०२५ च्या सुरुवातीला झालेल्या चाचण्यांत दिसलं. नव्या प्रोसेसरवाल्याला मी हेच कार्ड खुशाल सुचवलं असतं. आणि जीटीएक्स मालिकेतलं कुठलंही जुनं कार्ड, १०६० असो की १०८०, आता घेऊ नका. १०६०-१०८० च्या पिढीसाठी एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देणं थांबवलं, फक्त सुरक्षेचे अपडेट येत राहतील. त्यात इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल आणि डूम: द डार्क एजेस यांसारखे गेम हार्डवेअर रे ट्रेसिंगशिवाय सुरूच होत नाहीत. ६६०० मध्ये ते आहे, जीटीएक्समध्ये नाही.

सेकंडहँड घेताना मूळ बिल मागा आणि वॉरंटी किती उरली ते सिरीयल नंबरवरून स्वतः तपासा. वॉरंटी भारतातली आहे की बाहेरून आणलेलं कार्ड आहे, हेही विचारा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर ओएलएक्सवर शोधा, नियम एकच: चालू मशीनमध्ये बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. जीपीयू-झेड उघडा, एनव्हिडियाच्या बनावट कार्डांना तो सरळ 'फेक' म्हणून दाखवतो. दहा-पंधरा मिनिटं फरमार्क (कार्डाला ताण देणारं सॉफ्टवेअर) किंवा एखादा जड गेम चालवा, तापमान आणि पंख्यांचा आवाज ऐका, स्क्रीनवर ठिपके-पट्ट्या येतात का बघा. मायनिंगमध्ये वापरलेलं कार्ड म्हणून नुसतं घाबरू नका. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झाल्यावर अशी ढीगभर कार्डं बाजारात आली आणि त्यातली बरीच अजून नीट चालतात. पण किंमत तशीच पाडून मागा, पंखे आणि मेमरी दोन्ही झिजलेले असू शकतात. विकणारा घरी येऊ देत नसेल, मशीनवर लावून दाखवत नसेल, 'आधी टोकन पाठवा' म्हणत असेल तर तिथेच विषय संपवा.

एसएसडीबद्दल फार बोलायला नको. बोर्डावर एम.२ चा स्लॉट असेल तर एनव्हीएमई घ्या, नाहीतर २.५ इंची साटा चालेल. गेममध्ये दोघांतला फरक फार नसतो. ५०० जीबी बजेटमध्ये बसत नसेल तर २५६ वर विंडोज, व्हॅलोरंट आणि सायबरपंक एवढं मावतं. बाकी सगळं जुन्या हार्ड डिस्कवर राहू द्या.

पैशांची वाटणी मी अशी करेन. भाव आठवड्याला हलतात, म्हणून हे आकडे माझ्याकडून घातलेल्या मर्यादा समजा, बाजारभाव नव्हे. एसएमपीएसला साडेचार हजार, एसएसडीला चार, सेकंडहँड रॅमला अडीच, राहिलेले एकोणीस कार्डाला. कार्ड एवढ्यात बसत नसेल तर सेकंडहँड घ्या किंवा महिनाभर थांबा, पण एसएमपीएसमधून पैसे काढून कार्डात टाकू नका. सगळं एकदम घेणं जमत नसेल तर आधी रॅम आणि एसएसडी घ्या, मग एसएमपीएस आणि कार्ड एकाच दिवशी. पहिल्या दोन्हीने रोजचं मशीन लगेच हलकं होईल.

प्रोसेसर पुढच्या वर्षीच्या यादीत टाका. वेळ येईल तेव्हा बायॉस अपडेट जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच करा, यूपीएस जोडून, आणि कंपनीच्या पानावर तुमच्या बोर्डाच्या नेमक्या आवृत्तीची यादी बघून. कूलर काढण्याआधी मशीन दहा मिनिटं चालवून गरम करा, बंद करून प्लग काढा आणि कूलर हळूहळू डावी-उजवीकडे पिळत सोडवा. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरलाच असतात. थंड पेस्टवर कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून त्याच्यासोबत येतो आणि पिना वाकतात. विंडोजचंही लगे हात सांगतो: विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. २६०० विंडोज ११ च्या यादीत आहे, बायॉसमध्ये एफटीपीएम (प्रोसेसरमधली टीपीएम ही सुरक्षेची सोय) चालू केलं की काम होतं. व्हॅलोरंटला विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट दोन्ही लागतात. ड्राइव्हला बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) लागलेलं असेल तर बायॉस किंवा प्रोसेसरला हात लावण्याआधी रिकव्हरी की लिहून ठेवा.

हे सगळं तुमच्या मशीनला लागू आहे. हे वाचणाऱ्या कुणाकडे ऑफिसमधून निघालेला जुना डेल किंवा एचपीचा छोटा डबा असेल, चौथ्या पिढीचा आय५ वगैरे, तर हे उत्तर उचलू नका. त्यांचे एसएमपीएस आणि बोर्ड वेगळ्या मापाचे असतात, ८ पिनची केबल नसते, बुटक्या डब्यात मोठं कार्ड बसतही नाही. तिथे आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं, ७० वॉटचं, अर्ध्या उंचीचं मॉडेल हीच वरची हद्द. त्यापलीकडे पैसे घालण्यापेक्षा साठवलेले बरे.

राहिली तुमची १०५० टीआय. वेगळ्या वीज केबलशिवाय चालत असल्यामुळे अशा जुन्या ऑफिस डब्यांवाल्यांकडून तिला अजून गिऱ्हाईक आहे, तेव्हा भंगारात देऊ नका. फक्त नवं कार्ड आठवडाभर नीट चालेपर्यंत विकू नका. २६०० मध्ये आतलं ग्राफिक्स नाही. नवं कार्ड वॉरंटीत पाठवायची वेळ आली आणि जुनं हातात नसेल तर स्क्रीन काळीच राहील, मग बायॉससुद्धा दिसणार नाही.